जीपीएसवर पाडलेली सरी: स्क्रीनवर फिक्स, तरी सांधा कमी-जास्त का?

काळी_माती

आधी जोडणी आणि आकडे देतो, मग प्रश्न.

५० एचपीचा ट्रॅक्टर. मागे सरी पाडणारा दोन फाळांचा रिजर, दोन फाळांत १५० सेंमी, म्हणजे फेऱ्याची रुंदी ३ मीटर. स्टिअरिंगला मोटर. छपरावर एकच अँटेना, जमिनीपासून २.८० मीटर उंच. बेस (एका जागी बसवलेला, जीपीएसची चूक मोजून ट्रॅक्टरला कळवणारा रिसीव्हर) घराच्या स्लॅबवर, शेत तिथून १.६ किमी. करेक्शन, म्हणजे बेसची ती दुरुस्ती, रेडिओवरून येतं. ऊस पाच फुटी, शेत सपाट, ओळी दक्षिणोत्तर.

एका फेऱ्यातल्या दोन सऱ्यांचं अंतर रिजरच्या लोखंडानेच ठरतं, ते चुकत नाही. चुकतो तो दोन फेऱ्यांमधला सांधा. टेपने मोजलेले सांधे, सेंमीमध्ये:

सकाळी: १४२, १५८, १४२, १५७, १४३, १५८.

दुपारी (मध्ये बेस आणि ट्रॅक्टर दोन्ही बंद करून परत चालू केले): १८९, मग पुन्हा १५८, १४२, १५८.

संध्याकाळी साडेसातनंतर: कधी फिक्स (बेसपासूनची जागा सेंटीमीटरात पक्की), कधी फ्लोट (अजून पक्की नाही). सरी नागमोडी, काही ठिकाणी ३० सेंमी बाहेर.

म्हणजे दुपारी लाइन ३९ सेंमी सरकली. ठिबकच्या नळ्या याच ओळींवर अंथरायच्या आहेत आणि भरणीला पुन्हा याच लाइनवर जायचंय, त्यामुळे 'थोडंफार चालतं' म्हणून सोडता येत नाही. दोष सॅटेलाइटचा धरायचा की मशीनचा?

---

तिफण

तीन दुखणी आहेत आणि तिन्हींचं मूळ वेगळं. एकाच गोळीने जाणार नाहीत.

आधी दुपारचा हिशेब दुरुस्त करा. सकाळचा शेवटचा सांधा १५८, म्हणजे पुढचा १४२ यायला हवा होता. आला १८९. म्हणजे लाइन ३९ नाही, ४७ सेंमी सरकली. १५० मधून वजा करू नका, त्या जागी जो सांधा आला असता त्यातून करा.

आता सकाळचे आकडे. एक अरुंद, एक रुंद, एक अरुंद, एक रुंद. सॅटेलाइट असं मोजून-मापून चुकत नाही. त्याची चूक हळूहळू सरकते नाहीतर एकदम उडी मारते, पण ट्रॅक्टर वळला की तीही बाजू बदलते असं होत नाही. आलटून-पालटून येणारी चूक ट्रॅक्टरच्या अंगातली असते. ट्रॅक्टर कायम आपल्या उजव्या हाताला ४ सेंमी बसत असेल, तर उत्तरेकडे जाताना तो पूर्वेला सरकतो आणि परत येताना पश्चिमेला. एक सांधा दुप्पट चुकीने, म्हणजे ८ सेंमीने आवळतो, पुढचा तेवढाच सुटतो. १५० वजा ८ म्हणजे १४२, अधिक ८ म्हणजे १५८. बरोबर तुमचेच आकडे.

हे ४ सेंमी कुठून आले ते शोधताना पहिली नजर स्क्रीनवरच्या 'लाइनपासून किती बाहेर' या आकड्यावर. ट्रॅक्टर लाइनवर चालत असताना तिथे सतत ३-४ सेंमी एकाच बाजूला दिसत असतील, तर चाकाच्या कोनाचा सेन्सर शून्यावर नाही. ट्रॅक्टरला आपण बाहेर आहोत हे कळतंय, पण सरळ चाक म्हणजे काय हे कळत नाहीये. आणि स्क्रीन शून्य दाखवत असताना जमिनीवर ४ सेंमी निघत असतील, तर अँटेनाची जागा, तिरपेपणाचा सेन्सर किंवा मागचं अवजार यांतलं काहीतरी.

---

काळी_माती

स्क्रीन शून्य ते १ दाखवते, दोन्ही बाजूंना. ४७ चा हिशेब मान्य, धन्यवाद.

---

ओळंबा

मग स्टिअरिंग सोडा, तिरपेपणा तपासा. अँटेना २.८० मीटरवर आहे. ट्रॅक्टर १ अंश कलला तर ती जवळपास ५ सेंमी बाजूला जाते, ५ अंश कलला तर २४ सेंमी. एक चाक चाकोरीत आणि एक वर असलं की ५ अंश सहज होतात. म्हणून डब्यात (जीपीएस रिसीव्हरमध्ये) कल मोजणारा सेन्सर असतो आणि तो तेवढं वजा करतो. पण डबा बसवताना स्वतःच अर्धा अंश वाकडा बसला, तर ट्रॅक्टर अगदी सरळ उभा असला तरी तो कललाय असं धरून वजाबाकी चालू राहते. ही चूक ट्रॅक्टरबरोबर वळते, म्हणून सांध्यात दुप्पट होऊन दिसते.

शून्य काढायची रीत:

दोन्ही मागच्या टायरांत हवा सारखी करा. याला फाटा देऊ नका, एका बाजूला हवा कमी असेल तर पुढचं सगळं वाया. कोबा केलेल्या जागेवर ट्रॅक्टर उभा करा, रिजर खाली टेकवून ठेवा. मागच्या दोन्ही चाकांखाली फक्कीने खुणा करा. इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं थांबा, स्क्रीनवरचा कल लिहून घ्या. आता ट्रॅक्टर फिरवून उलट्या तोंडाने त्याच खुणांवर आणा, डावं चाक उजव्याच्या खुणेवर. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा आकडा. सेन्सर बरोबर असेल तर दोन्ही आकडे सारखे पण उलट चिन्हाचे येतात, कारण कल जमिनीचा असतो. नसतील तर दोन्हींची बेरीज भागिले दोन ही सेन्सरची चूक.

मेनूत 'कॅलिब्रेट' दाबलं की काम झालं असं समजणारे बरेच आहेत. बऱ्याच डब्यांत ते बटण आत्ताच्या स्थितीला शून्य मानतं. जमीन कललेली असेल तर तुम्ही जमिनीचा कल सेन्सरमध्ये भरून ठेवता.

त्यानंतर अँटेना. छपराच्या मधोमध आहे असं डोळ्याला दिसतं, पण छप्पर ट्रॅक्टरच्या मधोमध असतं असं नाही. अँटेनापासून ओळंबा सोडा आणि मागच्या आसाच्या मध्यापासून अंतर घ्या. आसाचा मध्य दोन टायरांच्या आतल्या कडांवरून काढा, हबवरून नाही.

---

काळी_माती

दोन्ही केलं. पहिल्या तोंडाने कल १.४ अंश उजवीकडे, उलट तोंडाने ०.२ डावीकडे. ओळंब्याने अँटेना मध्यापासून १ सेंमी डावीकडे.

---

ओळंबा

उजवीकडचा कल अधिक, डावीकडचा उणे. १.४ वजा ०.२ म्हणजे १.२, भागिले दोन ०.६ अंश. जमिनीचा खरा कल ०.८. आता २८० सेंमी उंचीवर ०.६ अंशाचे होतात २.९ सेंमी. डब्याला वाटतं ट्रॅक्टर उजवीकडे कललाय, म्हणून तो खरा मध्य अँटेनाच्या डावीकडे धरतो आणि तो कल्पित मध्य लाइनवर आणायला ट्रॅक्टर २.९ सेंमी उजवीकडे नेतो. त्यात अँटेना १ सेंमी डावीकडे, म्हणजे आणखी १ सेंमी उजवीकडे. एकूण ३.९. तुमचे ४ सेंमी इथेच सापडले.

दोन्ही दुरुस्त्या भरा. चिन्हाबाबत कंपन्यांचं एकमत नाही, कुणी डावं उणे धरतं, कुणी अधिक. भरल्यावर सहा फेरे मारून सांधे मोजा. फरक ८ वरून १६ झाला तर चिन्ह उलटं पडलं.

---

बांधावरचा_आंबा

एवढा खटाटोप कशाला? गगन (उपग्रहावरून मिळणारं करेक्शन) चालू करा. आपलं भारतीय आहे, फुकट आहे, बेसची गरजच नाही.

---

तिफण

आंबा भाऊ, गगन चांगलं आहे, पण ते विमानांसाठी आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलं. विमान उतरवताना मीटरभराचा फरक चालतो, फक्त तो अचानक वाढला तर सहा सेकंदांत इशारा मिळायला हवा. सरीला इशारा नको, सेंटीमीटर हवेत.

तांत्रिक कारण असं, की गगन आयनमंडळाची (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराची) दुरुस्ती ५ अंशांच्या जाळीवर देतं, म्हणजे दोन गाठींत साधारण साडेपाचशे किमी. मधल्या जागेचा आकडा अंदाजाने भरायचा. आपल्या डोक्यावरचं आयनमंडळ विषुववृत्ताजवळचं, म्हणजे सगळ्यात खवळलेलं. अमेरिका-युरोपातल्या माहितीपत्रकांत उपग्रहावरून येणाऱ्या फुकट करेक्शनला 'फेऱ्याला फेरा २०-३० सेंमी' असं लिहिलेलं असतं. ते वाचून इकडे तीच अपेक्षा धरू नये.

शिवाय 'फेऱ्याला फेरा' म्हणजे काय तेही बघा. हा आकडा १५ मिनिटांच्या आत लागून मारलेल्या फेऱ्यांचा असतो. चूक हळू सरकते, त्यामुळे शेजारच्या फेऱ्यात ती दिसत नाही. जेवून आलात की दिसते. पुढच्या महिन्यात भरणीला तीच लाइन उघडलीत की मीटरभरही दिसू शकते. विकणारा पहिला आकडा सांगतो आणि घेणारा तो कायमचा समजतो.

फवारणी, खत फेकणं, रोटावेटर, एवढ्यापुरतं गगन वापरा. फेरे एकमेकांवर थोडे चढवले की झालं. ठिबकच्या नळीवर ट्रॅक्टर घालायचा असेल तर नको.

---

शिवारकन्या

नाविक (भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली) चालणारा डबा घेतला तर सेंटीमीटर मिळतात का? दुकानदार तसंच सांगतोय.

---

तिफण

नाही ताई. नाविकमुळे आकाशात आणखी काही उपग्रह मिळतात, तेही आपल्याकडे चांगल्या उंचीवर, एवढाच फायदा. सेंटीमीटर येतात ते लहरीची फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) मोजून आणि जवळच्या बेसशी तुलना करून. करेक्शन नसेल तर कोणाचेही उपग्रह घ्या, मीटरभरातच राहाल.

---

पायथा

दुपारच्या ४७ सेंमीवर कुणी बोललं नाही. तेच सगळ्यात सोपं आहे.

काळी माती, तुमचा बेस चालू झाल्यावर काही मिनिटं स्वतःची जागा स्वतःच शोधतो ना? त्याला सर्व्हे-इन म्हणतात. बेसला कुणाचंच करेक्शन नसतं, म्हणून तो आपली जागा मीटर-दीड मीटरच्या आतबाहेर ठरवतो आणि तीच खरी मानून ट्रॅक्टरला करेक्शन पाठवतो. बंद होईपर्यंत सगळं सेंटीमीटरात जुळतं, कारण चूक दोन्हीकडे सारखी. बंद करून चालू केलंत की तो नव्याने जागा ठरवतो, ती जुन्यापेक्षा अर्धा मीटर बाजूला, आणि तुमच्या सगळ्या लाइन अर्धा मीटर बाजूला. यात ट्रॅक्टर निर्दोष, उपग्रहही निर्दोष. स्क्रीनवर फिक्सच दिसणार, कारण फिक्स म्हणजे 'बेसपासून मी अमुक अंतरावर आहे' याची खात्री. बेस कुठे आहे याची ती खात्री नव्हे.

उपाय फुकटचा. एकदा सर्व्हे-इन होऊ द्या, शक्यतो दोन-चार तास. जो अक्षांश, रेखांश आणि उंची येईल ती वहीत उतरवा, अक्षांश-रेखांश दशांशानंतर आठ-नऊ अंकांपर्यंत. मग बेस 'फिक्स्ड' मोडवर टाकून तेच आकडे हाताने भरा आणि सर्व्हे-इन कायमचं बंद करा. तो आकडा जगाच्या दृष्टीने मीटरभर चुकीचा असेना का, दरवेळी तोच चुकीचा असल्यावर तुमच्या शेतात काही बिघडत नाही.

लाइन दुसऱ्याच्या बेसशीही जुळायला हव्या असतील, तर बेसचा कच्चा डेटा २४ तास नोंदवा आणि ऑनलाइन पीपीपी सेवेला (एकट्या रिसीव्हरच्या नोंदीवरून अचूक जागा काढून देणाऱ्या) पाठवा. कॅनडा सरकारची सीएसआरएस-पीपीपी फुकट आहे. काही सेंटीमीटरच्या आत खरी जागा येते. उंची भरताना दीर्घवृत्ताची (जीपीएस धरतं त्या गणिती पृथ्वीपासूनची) भरायची, समुद्रसपाटीची नाही. आपल्याकडे दोन्हींत ५० मीटरहून जास्त फरक पडतो.

बेसची अँटेना कशावर आहे? स्लॅबच्या कठड्याला बांधलेल्या जीआय पाइपवर असेल तर काढा. पाइप वाऱ्याने हलतो, उन्हाने वाकतो आणि ते सगळं करेक्शनमध्ये जातं. स्लॅबवर सिमेंटचा फूटभर ठोकळा ओता, त्यात बोल्ट सोडा, अँटेना त्यावर. शेजारी पाण्याची टाकी किंवा सोलरचे पॅनल असतील तर त्यांच्यापेक्षा उंच. रेडिओची अँटेना मात्र वेगळ्या पाइपवर हवी तेवढी वर न्या, ती हलली तरी चालते. ऊस डोक्यावर गेला की रेडिओ आधी मार खातो.

रेडिओवरून आठवलं. परदेशातून मागवलेल्या संचात ९१५ मेगाहर्ट्झचा रेडिओ असतो. तो इकडे लावू नका. आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ पासून सुरू होतो, ८६५-८६७ चा मागा. ९१५ च्या अलीकडचा भाग मोबाइल कंपन्यांचा आहे.

---

काळी_माती

पाइपवरच आहे. सर्व्हे-इन ५ मिनिटांवर ठेवलेलं होतं. उत्तर मिळालं.

---

शिवारकन्या

स्वतःचा बेस न ठेवता भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (कायमच्या बेस स्टेशनांच्या) जाळ्यावर काम होईल का? आमचं शिवार डोंगराच्या कुशीत आहे, मोबाइल नेटवर्क येऊन-जाऊन.

---

पायथा

होतं. भूमी अभिलेखवाले मोजणीला जो रोव्हर (फिरता रिसीव्हर) घेऊन येतात तो कॉर्सवरच चालतो. नोंदणी करून लॉगिन मिळतं, करेक्शन इंटरनेटवरून एनट्रिपने येतं. तीन-चार गोष्टी सांभाळा.

जाळ्यावरची सेवा तुमच्याजवळ कल्पित बेस तयार करते, त्यासाठी तिला तुमची जागा कळावी लागते. डब्यात 'जीजीए पाठवा' चालू नसेल तर लॉगिन होतं, डेटा येत नाही. तक्रार करण्याआधी हे बघा.

एकाच लॉगिनवर दोन डबे लावले की सहसा एक दुसऱ्याला बाहेर ढकलतो. दर अर्ध्या मिनिटाला तुटतंय असं दिसलं तर बहुतेक हेच.

डेटा फार लागत नाही, तासाला काही एमबी. त्यामुळे वेगापेक्षा सलगपणा महत्त्वाचा. स्क्रीनवर 'करेक्शनचं वय' बघत चला. १-२ सेकंद उत्तम, ५ पर्यंत ठीक, १० च्या वर गेलं की चूक वाढायला लागते. किती वेळाने डबा फिक्स सोडतो ते सेटिंगवर असतं, काही ठिकाणी ६० सेकंद ठेवलेलं असतं. म्हणजे मिनिटभर शिळं करेक्शन आणि वर फिक्सचा हिरवा दिवा. ते २० वर आणा. नेटवर्क खरोखरच येऊन-जाऊन असेल तर ताई, स्वतःचा बेस आणि रेडिओच बरा.

आणि एका लाइनला एकच बेस. कॉर्सवर आखलेली लाइन घरच्या बेसवर उघडली तर सरकलेलीच दिसेल. लाइनच्या नावातच लिहून ठेवा: 'विहिरीकडचं_कॉर्स', 'विहिरीकडचं_घर'.

उपग्रहावरून येणारं पैसे भरून घ्यायचं करेक्शन वापरणाऱ्यांसाठी एक भर. भारताचा भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंमी सरकतो. बेस आपल्याबरोबरच सरकतो, म्हणून आरटीकेत (जमिनीवरच्या बेसवर चालणाऱ्या पद्धतीत) ते कळत नाही. उपग्रहावरच्या करेक्शनला जमिनीचा आधार नसतो, ते जगाच्या चौकटीतली आजची जागा सांगतं. चार वर्षांपूर्वीची लाइन उघडली तर २० सेंमी जमिनीनेच खाल्लेले असतात.

---

रोहिणी_मृग

आता संध्याकाळचं. हे एकच दुखणं खरोखर आकाशातलं आहे.

आयनमंडळाचे दोन वेगळे त्रास असतात आणि लोक त्यांची मिसळ करतात. एक म्हणजे सिग्नलला लागणारा उशीर. तो दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यात जास्त. पण बेस १.६ किमीवर असेल तर दोघांच्या डोक्यावर एकच आयनमंडळ, वजाबाकीत उशीर निघून जातो. बेस ३०-४० किमीवर असेल तर तो पुरता जात नाही. दुपारी फिक्सला वेळ लागतो, सकाळी पटकन मिळतो, याचं कारण हे.

दुसरा त्रास लुकलुकण्याचा, म्हणजे सिंटिलेशन. सूर्य मावळल्यावर विषुववृत्ताजवळच्या आयनमंडळात कमी घनतेचे बुडबुडे वर चढतात आणि पूर्वेकडे सरकत जातात. त्यांच्यातून येणारा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो, जोर एकदम पडतो आणि डब्याची फेजवरची पकड सुटते. पकडच सुटल्यावर वजाबाकी कशाची करणार? म्हणून बेस बांधावर आणून ठेवला तरी हा त्रास जात नाही. वेळ साधारण साडेसात ते मध्यरात्र. जोर मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत अधिक. सध्याच्या सौरचक्राचा, म्हणजे पंचविसाव्याचा, चढ २०२४ मध्ये आला. उत्तरेकडचा सगळ्यात दाट पट्टा सहसा भोपाळ-अहमदाबादच्या आसपास असतो, त्यामुळे खानदेश-विदर्भाला झळ जास्त. रब्बीची पेरणी नेमकी त्याच महिन्यांत आणि उजेड संपल्यावर रेटायची सवय, असा हा योग.

काय करता येतं: अमेरिकी, रशियन, युरोपीय, चिनी, चारही प्रणाली चालू ठेवा, बेसवर आणि ट्रॅक्टरवर दोन्हीकडे. बेस ज्या प्रणालीचं करेक्शन पाठवत नाही, तिचा ट्रॅक्टरला उपयोग नाही. बुडबुडा आकाशाचा एक भागच झाकतो, उरलेल्या भागातले उपग्रह पुरेसे असतील तर फिक्स टिकतो. क्षितिजापासून १५ अंशांखालचे उपग्रह वगळा. फ्लोट आला की स्टिअरिंग आपोआप सुटेल असं सेटिंग ठेवा. त्या दोन-तीन तासांत सरी पाडू नका, रोटावेटर मारा.

---

बांधावरचा_आंबा

मग अंतराळ-हवामानाचं अॅप बघून ठरवावं का? मे २०२४ मध्ये अमेरिकेत ट्रॅक्टर थांबले होते म्हणतात.

---

रोहिणी_मृग

थांबले होते. १० आणि ११ मे २०२४ चं वादळ सर्वोच्च जी-५ श्रेणीचं होतं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं. अमेरिकेच्या मध्य भागात ऐन मक्याच्या पेरणीत आरटीके भरकटलं. आपल्याकडे लडाखात हानले इथून आकाश तांबडं दिसलं ते त्याच रात्री.

पण अॅपवर विसंबू नका. अॅपमध्ये असतो तो केपी निर्देशांक, आणि तो चुंबकीय वादळाचा. संध्याकाळचे बुडबुडे वादळ नसलेल्या शांत दिवशीही चढतात. उलट काही वादळांत ते दबतात. केपी २ दिसला म्हणून रात्री सरी पाडायला निघालात तर फसाल. घड्याळ आणि कॅलेंडर जास्त खरं सांगतात.

---

ओळंबा

रोहिणीताई, एक शंका. फिक्स आहे पण खोटा आहे, असं होतं का? आंब्याच्या झाडांखालून बाहेर आलं की सरी २० सेंमी बाजूला आणि शंभरेक मीटर गेल्यावर आपोआप जागेवर, हा नमुना बऱ्याच ठिकाणी दिसतो.

---

रोहिणी_मृग

होतं. पहिल्या वारंवारितेची लहर १९ सेंमीची. डब्याने अँटेना आणि उपग्रह यांच्यात किती पूर्ण लहरी आहेत हे ओळखायचं असतं. झाडाखाली मोजदाद तुटते, बाहेर आल्यावर घाईत चुकीचा पूर्णांक धरला की चूक लहरीच्या मापात बसते. पुढे उपग्रह हलतात, आकडे जुळेनासे होतात, डबा तो फिक्स टाकून नवा धरतो आणि सरी 'आपोआप' जागेवर येते.

झाडांच्या रांगेशेजारी फिक्स दिसला तरी वीस-तीस सेकंद उघड्यावर थांबून मग रिजर टेकवा. बांधावर एक लोखंडी खुंटी सिमेंटमध्ये रोवा, रोज सकाळी पुढचं डावं चाक तिच्याशी लावून, दरवेळी त्याच तोंडाने, आकडा वहीत लिहा. २-३ सेंमीत आला तर कामाला लागा. ही एक खुंटी पायथादादांनी सांगितलेला सरकलेला बेस, खोटा फिक्स आणि सैल झालेली अँटेना, तिन्ही पकडते.

---

सुतळी_खुंटी

वायरिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

रात्रीचा फ्लोट दरवेळी आयनमंडळाचाच असतो असं नाही. स्वस्त एलईडी वर्क-लॅम्पमधल्या सर्किटचा गोंगाट थेट जीपीएसच्या पट्ट्यात येतो आणि लॅम्प नेमका छपरावर, अँटेनापासून वीतभर. दोन्ही त्रास अंधारातच, म्हणून गफलत होते. ओळखायचं असं: डब्यात उपग्रहांच्या सिग्नलचा जोर दाखवणारं पान उघडा. मोकळ्या आकाशात वरचे उपग्रह ४५ ते ५० दाखवतात. लॅम्प लावा. सगळेच एकदम ५-१० ने खाली आले तर लॅम्प दोषी. आयनमंडळ असेल तर मोजके उपग्रह वर-खाली होतात, सगळे एकाच वेळी नाही. मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम यांचीही हीच परीक्षा घ्या.

अँटेनाखाली किमान १०-१२ सेंमीची लोखंडी चकती हवी, फायबरच्या छपरावर तर हवीच. छपरावर सामान ठेवायची जाळी असेल तर अँटेना तिच्या वर.

डब्याला वीज थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९ च्याही खाली जातं आणि डबा परत सुरू होतो. आरटीकेला अर्धा मिनिट जातं, पण उपग्रहावरचं करेक्शन वापरत असाल तर पुन्हा जुळायला वीस मिनिटं. बांधावर इंजिन बंद करून गप्पा मारणाऱ्या ड्रायव्हरला हे सांगून ठेवा. अँटेनाची कोअॅक्स वायर जोडापाशी पाण्याने हिरवी पडते, बाहेरून कळत नाही. जोडावर रबरी टेप गुंडाळा. मशीन शेडमध्ये महिनाभर उभं राहिलं असेल तर उंदराने वायर कुरतडलीय का तेही बघा.

---

बांधावरचा_आंबा

अवांतर: मशागतवाल्याने मोबाइलवर शेत फिरून सव्वा एकर दाखवलं, सातबारावर एकर. कोण खरं?

---

तिफण

अवांतर असलं तरी हिशेब सोपा आहे. चौरस एकराची बाजू ६३.६ मीटर. एक बाजू मोबाइलने १ मीटर बाहेर धरली तर ६३.६ चौ. मी. वाढले, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या आत. चारही बाजू २-२ मीटर बाहेर धरल्या तर पाच गुंठे आणि वर थोडं. सव्वा एकर म्हणजे दहा गुंठे जास्त. तेवढं मोबाइलच्या चुकीत बसत नाही, तो बांधाबाहेरून फिरला असणार.

---

काळी_माती

कल ०.६ आणि अँटेना १ सेंमी भरलं, चिन्ह एकदा उलटं पडलं ते फिरवलं. बेस ठोकळ्यावर, फिक्स्ड मोडवर. नवे सांधे: १४९, १५१, १५२, १४९, १५०, १५१. बेस बंद-चालू करून पुढचा: १४९.

लॅम्प लावल्यावर जोर ४७ वरून ४० वर येतोय, सगळ्या उपग्रहांचा. म्हणजे तो काढतोच. एकच राहिलं: शेताच्या वरच्या कोपऱ्यात जमीन पश्चिमेला उतरती आहे. तिथे सरी लाइनपासून ५-६ सेंमी खाली, पण सांधे बरोबर.

---

ओळंबा

सांधे बरोबर आहेत कारण रिजर दोन्ही तोंडांनी उताराकडेच घसरतो. प्रत्येक फेरा तेवढाच खाली, म्हणून आपसातलं अंतर टिकतं. थ्री-पॉइंटच्या चेक चेन (अवजार बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) ढिल्या असणार. रिजर उचलून हाताने हलवून बघा, बोटभरापेक्षा जास्त हलला तर दोन्ही बाजूंच्या सारख्या आवळा.

पण नळी अंथरताना चेन सरी पाडताना होत्या त्याच स्थितीत ठेवा, आणि भरणीलाही. सरी पाडताना ढिल्या आणि भरणीला आवळलेल्या असतील तर त्या कोपऱ्यात फाळ नळीपासून ६ सेंमी वर चालेल.